धबांच्या माळावरची हाक

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. भूतखेत, चकवा, जिन, नजर… यातलं काहीही मी मानत नाही. कधीच मानलं नाही. मी जन्मभर इंजिनं दुरुस्त केली. इंजिन बंद पडलं की त्याला कारण असतं — डिझेलमध्ये पाणी, नाहीतर फिल्टर तुंबलेला, नाहीतर ड्रायव्हरचा गाढवपणा. कारण सापडत नाही म्हणजे तुम्ही नीट शोधलं नाही, एवढंच. या ग्रुपवर लोक लिहितात, पिंपळाखाली बाई दिसली, मागे वळून पाहिलं तर गायब. मी वाचतो आणि गालातल्या गालात हसतो. माझी लेक रुबीना म्हणते, "अब्बा, पटत नाही तर वाचता कशाला?" तिचंही बरोबर आहे.

मग आज मीच का लिहितोय? त्याला कारण माझी नात. आम्ही शारजात अल नहदाला राहतो, लेकीकडे. जावई हमरिया फ्री झोनला कामाला जातो, पोरगी शाळेत. मागच्या महिन्यात ही सगळी डेझर्टमध्ये कॅम्पिंगला गेली होती. परत आल्यावर नातीने फोन माझ्या नाकासमोर धरला. "नाना, लुक! सो क्यूट ना?"

फोटोत धब होता. बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेला. धब म्हणजे आपल्याकडचा सांडा, ज्याचं तेल म्हणून रस्त्यावर काहीबाही विकतात तो. दिसायला घोरपडीसारखा, पण जाडजूड, शेपटीला काट्यांची वलयं. मी म्हटलं, "याची आम्ही शिकार करायचो."

"यू किल्ड देम? नाना, दॅट्स सो मीन."

आता शिकारीला बंदी आहे, आणि ती असावीच. पण माझं लक्ष धबाकडे नव्हतं. त्याच्या मागे लांबवर डोंगर दिसत होते, राखाडी, ओळखीचे. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. रुबीनाने दोनदा विचारलं, मी पोटाचं निमित्त सांगितलं.

तर ऐका. साल पासष्ट किंवा सहासष्ट, नक्की आठवत नाही. इथे तेव्हा यूएई हा शब्दच नव्हता. दुबई, शारजा ही खाडीकाठची गावं, खोपट्यांची आणि दगडमातीच्या घरांची. आपल्यासारख्याच होड्या, मासळी, चिखल… फक्त नारळ नाहीत, हिरवं काही नाही. मी शारजात एका कॉन्ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होतो. वय बावीस-तेवीस. मी रीतसर पासपोर्ट काढून मुंबईहून बोटीने आलो होतो. माझा थोरला भाऊ इस्माईल माझ्या दोन वर्षं आधी आला… म्हणजे निघाला. आम्ही त्याला भाय म्हणायचो.

भायकडे पासपोर्ट नव्हता. त्या काळी खूप जण तसेच यायचे. एका लाँचमध्ये कोंबून आणायचे आणि खोरफक्कानच्या बाजूला, म्हणजे पूर्वेच्या किनाऱ्याला, अंधारात उतरवायचे. समोर डोंगर. डोंगरापलीकडे दुबई, चला चालत. भायच्या बरोबर गुहागरकडचा एक जण होता, तो पोचला. मी आल्यावर त्याला शोधून काढलं. तो म्हणाला, "वाटेत तुझ्या भावाला ताप भरला. चालवेना. एका झाडाच्या सावलीत बसवला. म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागून." कुठलं झाड, कुठली वाट? त्याला सांगता येईना. सगळेच डोंगर सारखे, सगळीच झाडं सारखी, आणि पोटात पाणी नाही. मी त्याला दोष देत नाही.

पुढे भायचं काय झालं? कोणाला माहीत नाही. आमची अम्मा गावी वाट बघत होती. शबेबारातला घरात फातिहा व्हायची, गेलेल्या माणसांची नावं घ्यायचे. आजोबा, आजी, पाळण्यात गेलेली एक बहीण. अब्बांच्या ओठावर भायचं नाव यायच्या आधी अम्मा म्हणायची, "त्याचा नांव नको." मेलेल्यांत घेऊ द्यायची नाही, आणि जिवंत म्हणायला काही हातात नाही. मी निघालो तेव्हा माझी ट्रंक उचलून देताना तिने एवढंच सांगितलं होतं, "भायची खबर आन. चांगली आन, वाईट आन, पन आन."

म्हणून मी धबाच्या शिकारीला जायचो. आता तुम्ही म्हणाल, याचा त्याच्याशी काय संबंध? सांगतो.

आमच्या गॅरेजला सालेम नावाचा एक ड्रायव्हर होता. बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळीतला माणूस, धैदच्या बाजूचा, वयाने माझ्याहून थोडा मोठा. त्याला धबाचं वेड. म्हणजे खायचं वेड त्याच्या म्हाताऱ्या बापाला, शोधायचं वेड ह्याला. शुक्रवारी सुट्टी मिळाली की कंपनीची जुनी लँड रोव्हर घेऊन निघायचा, आणि ती लँड रोव्हर माझ्याशिवाय दहा मैल जायची नाही. मला इंजिन सांभाळायला न्यायचा. मी जायचो कारण तो पूर्वेला जायचा. डोंगराच्या पायथ्याला. त्या चालत येणाऱ्या लोकांच्या वाटेवर.

धब मऊ वाळूत राहत नाही. बीळ ढासळतं ना. त्याला लागते कडक, बारीक खडीची जमीन, थोडं खुरटं झुडूप, आणि आसपास माणसाची वर्दळ नको. अशी जमीन वाळूच्या टेकड्या संपतात आणि डोंगर सुरू होतात त्यामध्ये पट्ट्यापट्ट्याने आहे. चांगली जागा शोधण्यात अख्खा दिवस जायचा. एका वर्षी भरलेला माळ दुसऱ्या वर्षी रिकामा. सालेम गाडीच्या खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून जमीन वाचायचा. बिळाचं तोंड अर्धचंद्रासारखं, पुढ्यात ताजी उकरलेली माती, आणि दोन बाजूंच्या पावलांमधून ओढलेली शेपटीची रेघ. रेघ दिसली की म्हणायचा, "हसन, बस बस बस," आणि स्टिअरिंगवरचा मी ब्रेक मारायचो.

वाटेत जिथे तंबू दिसेल तिथे आम्ही थांबायचो. कहवा, खजूर, ख्यालीखुशाली. मग सालेम विचारायचा, "यंदा धब कुठे आहेत?" आणि माझं पण विचारून घ्यायचा, "इकडून कुणी हिंदी चालत आलेला बघितला? उंच, पुढचा एक दात तुटका?" दोन्ही प्रश्न एका दमात. लोकही दोन्हीला एकदमच उत्तर द्यायचे. पलीकडच्या माळावर होते, आता नाहीत. गेल्या थंडीत बघितले, यंदा नाही. कशाबद्दल बोलतायत ते मला कळायचं नाही. सालेमला हसू यायचं. "हबीबी, तू भाऊ शोधतोस, मी धब शोधतो, दोघं पण जमिनीखाली लपले." मग माझं तोंड बघून मला सिगारेट द्यायचा.

आता थोडं आमच्या घराबद्दल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचे अब्बा वाशिष्ठीच्या खाडीवर तरवाले होते. तर म्हणजे माणसं पैलतीरी नेणारी होडी. आमचं घर एका काठावर, बाजारातून येणारा माणूस दुसऱ्या काठावर उभा राहायचा आणि तोंडाला हाताची ओंजळ लावून हाक मारायचा — कूऽऽ. शब्द नाही, नुसता सूर. पाण्यावरून सूर लांब जातो, शब्द फुटतो. प्रत्येकाची हाक वेगळी. अब्बा डोळे मिटून सांगायचे, हा अमका, हा तमका. भायची हाक शेवटाला चढत जायची आणि वरच्यावर तुटायची, आणि दाताच्या फटीतून मागे एक बारीक शिट्टी राहायची. तशी दुसऱ्या कोणाला जमली नाही. मी खूप प्रयत्न केला होता.

आणि आमच्या तरीचा नियम होता. पहिल्या हाकेला होडी सोडायची नाही. दुसरीलाही नाही. पहिली हाक म्हणजे मी आलो. दुसरी म्हणजे मी थांबलोय — तुम्ही जेवत असाल तर जेवा, होडी बांधत असाल तर बांधा. तिसरी हाक माणसाने पाण्यात पाय घालून द्यायची. तिसरी झाली की तरवाल्याने हातातला घास टाकून निघायचं. कुणी म्हणायचे, हा नियम संध्याकाळी खोट्या हाका येतात म्हणून आहे. अब्बा म्हणायचे, कसल्या खोट्या, लोक उगाच घाई करतात म्हणून आहे. पण पाळायचे काटेकोर. आम्हा पोरांना खेळताना दोन हाका मारायची मुभा होती. तिसरी मारली तर पाठीवर वल्ह्याचा दांडा.

तर बकरीदनंतरचा पहिला जुम्मा. हे मला पक्कं आठवतं, कारण सालेम सकाळीच म्हणाला होता, "म्हातारा बकरा खाऊन कंटाळला. धब मागतो." पहाटेची नमाज पढून निघालो. टायरमधली हवा उतरवून वाळू पार केली, बंपरला कॅनव्हासची पाण्याची छागळ लटकवलेली, रेडिएटर दोनदा उकळला. धैदला त्याच्या बापाला सलाम करून पुढे डोंगराकडे सरकलो. सालेमला कोणीतरी एक नवा माळ सांगितला होता. एका वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, काठाला लागून. त्या बाजूला आम्ही कधी गेलो नव्हतो.

जोहर, म्हणजे दुपारची नमाज, वाटेतच पढलो. मग माळ लागला. काय माळ होता… सालेम गाडीतून उतरला आणि खाली बसलाच. जिथे नजर टाकाल तिथे अर्धचंद्र. ताजी माती, ताज्या रेघा, आणि लांब लांब दगडांवर ऊन खात पसरलेले धब, काही पिवळे पडलेले — गरम झाले की ते पिवळे पडतात. इतक्या शुक्रवारांत अशी जागा बघितली नव्हती. सालेम कुजबुजला, "हसन, ही जागा कोणाला सांगायची नाही. खलास. तू आणि मी."

त्याची पद्धत अशी होती. बिळाच्या तोंडाभोवती दोरीचा फास मांडायचा, दोरीचं टोक हातात घेऊन पोटावर पडून राहायचं. धब जमिनीची थरथर ओळखतो, पावलाचा आवाज नको, खोकला नको. मला त्याने दहा हातांवर बसवलं आणि बोट ओठावर ठेवलं. मी मांडी घालून बसलो. वारा नव्हता. माशीसुद्धा नव्हती. खूप वेळाने बिळातून एक नाक बाहेर आलं, मग डोकं, मग एक पंजा. सालेमचा हात दोरीवर ताणला. बाकी माळावर सगळे धब जागच्या जागी पडलेले होते.

तेव्हा हाक आली.

वादीच्या बाजूने. कूऽऽ… शेवटाला चढली, तुटली, आणि मागे बारीक शिट्टी.

मी जागचा हललो नाही. तुम्ही विचाराल, भीती वाटली का? नाही हो. भीती कसली. माझ्या छातीत असा काही आनंद भरला की मला श्वास घेता येईना. भाय होता. माझा भाय होता आणि तो जिवंत होता आणि हाक मारत होता. पण उठलो नाही. का उठलो नाही? पहिल्या हाकेला आमच्यात उठत नाहीत. हे डोक्यात आलं असंही नाही, अंगातच होतं. वाळवंटात, घरापासून हजार मैलांवर, मी तरवाल्याच्या पोरासारखा दुसऱ्या हाकेची वाट बघत बसलो.

आणि माळ रिकामा झाला. हे नीट लक्षात घ्या. मी हललो नव्हतो, सालेम हलला नव्हता, तरी एकूण एक धब बिळात गेला. आमच्या पुढ्यातलं नाक आत गेलं, दगडांवरचे सगळे सरसर आत. शेपट्या आत जाताना बिळाबिळातून खडी निसटली तेवढा आवाज झाला.

सालेमने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं मीच. मी नाही म्हणून मान हलवली.

दुसरी हाक आली. तीच, तशीच. सालेमने दोरी सोडली, उठून बसला आणि हळूच विचारलं, "ये कौन है?"

म्हणजे त्याने ऐकली. माझ्या कानांचा भास असता तर सालेमला कशाला ऐकू आली असती, आणि धबांना?

मी तिसरीची वाट बघितली. किती वेळ ते सांगता येणार नाही. सालेम नंतर म्हणायचा, तू अगदी दगड झाला होतास. तिसरी आली नाही. मग मात्र मी उठलो आणि धावत सुटलो, वहाणा कुठे गेल्या कळलं नाही.

वादीच्या अलीकडे एक मोठं समरचं झाड होतं, काटेरी, छत्रीसारखं पसरलेलं. त्याखाली बकऱ्या, एक खोपटं, आणि एक बदू म्हातारी ताक घुसळत बसलेली. दुसरं माणूस नाही. मी तिला हातवारे करत राहिलो, सालेम मागून धापा टाकत आला, सलाम केला, रीतसर बसला आणि मग विचारलं, इकडे आता कोणी ओरडलं का? म्हातारी म्हणाली, कोणी नाही. मी सकाळपासून इथेच आहे.

सालेमने मला सांगितलं, "हसन, कसा आवाज होता तो तू काढून दाखव."

मी ओंजळ केली. पण माझ्याच्याने नीट होईना. ती शिट्टी मला आधीपासूनच जमत नव्हती. म्हातारीने घुसळण थांबवली. माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आपले दोन्ही हात तोंडाला लावले आणि हाक काढली. कूऽऽ. चढली, तुटली. आणि मागे शिट्टी, कारण तिलाही पुढचा दात नव्हता.

मी तिच्यापुढे मातीतच बसलो.

मग तिने सांगितलं आणि सालेमने मला तोडक्यामोडक्या हिंदीत समजावलं. तीन थंड्यांपूर्वी एक हिंदी याच झाडाखाली पडलेला सापडला. अंगात ताप. त्याला तिने दूध पाजलं, खोपट्यात ठेवलं. त्या थंडीत पाऊस झाला होता, वादीला पाणी आलं होतं. तो रोज असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजीच्या, सुमाराला रखडत काठापर्यंत जायचा आणि पलीकडे तोंड करून असा आवाज काढायचा. म्हातारी म्हणाली, "आम्हाला वाटायचं, याचा उंट हरवलाय." शेवटी तिने हाताने विचारलं, कोणाला बोलावतोस? त्याने वल्हं मारून दाखवलं. ते तिला कधीच कळलं नव्हतं. तिने माझ्यासमोर तसे हात हलवले. "हे काय करत होता तो?"

"होडी," मी म्हटलं. "आमच्या बापाची."

सालेमने सांगितल्यावर म्हातारी वादीकडे बघत राहिली. तिथे गोटे आणि धूळ होती.

"दोनच वेळा ओरडायचा," ती म्हणाली. "मी म्हणायचे, अजून एकदा ओरड, ऐकू नसेल गेलं. तो नाही म्हणायचा. दोन बोटं दाखवायचा आणि थांबायचा." पाणी आटलं त्याच सुमाराला तो गेला. वाटेने जाणाऱ्या लोकांनी नमाज पढली आणि काठावरच दफन केला. तोंड किबल्याकडे, म्हणजे मक्केकडे, डोक्याशी एक दगड, पायाशी एक.

कबर तिने दाखवली. माळावर आम्ही जिथे बसलो होतो तिथे आवाज आला होता तो याच बाजूने. मी फातिहा पढलो. सालेमही पढला. रडलो, लाजायचं काय त्यात. तिची ओढणी धरून रडलो. ती मला तिच्या भाषेत काहीतरी सांगत होती, ते सालेमने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

निघायच्या आधी मी परत एकटा कबरीपाशी गेलो. डोक्यात एकच येत होतं. बिचारा दोन हाका मारून थांबला. तिसरी पाण्यात पाय घालून मारायची असते. त्याला तेवढी ताकद नव्हती, किंवा मनातून त्याला माहीत होतं की होडी येणार नाही, आणि खोटी तिसरी हाक आमच्या घरात कोणी मारत नाही. मी वादीत उतरलो, गोट्यांत उभा राहिलो. पाणी नव्हतं. छागळ आणली होती तीच पायावर ओतली, सालेमने बघू नये म्हणून पाठ करून. आणि ओंजळ करून तिसरी हाक मी मारली. भायची हाक. त्या एका वेळी मला ती जमली, शिट्टीसकट.

काही झालं नाही. डोंगरावर आपटून थोडी परत आली, एवढंच. म्हाताऱ्यासाठी धब नव्हता. त्या माळावर नंतर तो शिकारीला कधी गेला नाही, आणि जागा कोणाला सांगितलीही नाही.

गावी मी कळवलं नाही. कसं कळवणार? पत्र पोस्टमन वाचून दाखवायचा, सगळ्या आळीसमोर. म्हटलं, रजा मिळेल तेव्हा समोर बसून सांगेन. रजा पावसाळ्यानंतर मिळाली. बोटीत अख्खा प्रवास मी वाक्यं जुळवत होतो. अम्मा, खबर आणली आहे. अम्मा, वाईट आहे. जुळत नव्हतं.

घरी पोचलो. अम्माने पाणी दिलं, डोक्यावर बोटं मोडून बलाया घेतल्या. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "भायची फातिहा केली आमी. चाळीसावा पन झाला."

मी म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं?

"तुज्या अब्बानं."

अब्बा ओटीवर खाडीकडे तोंड करून बसले होते. मी आलो ते त्यांना कळलंही नव्हतं. मी जायच्या आधीच त्यांचे कान गेले होते. मशिदीतली बांग ऐकू यायची नाही, आम्ही खांद्याला हात लावून सांगायचो. होडी त्यांचा पुतण्या चालवायचा. अम्माने सांगितलं ते असं — बकरीदनंतरचा पहिला जुम्मा. असर नुकतीच झाली होती. ओहोटी होती, काठाला चिखल, त्या वेळी कोणी येत-जात नाही. अब्बा बाजेवर पडले होते. उठून बसले. कान दिले. अम्मा म्हणाली, काय झालं? त्यांनी हात वर केला, गप्प. बराच वेळ तसेच बसले. मग एकदम उठले, खाली उतरले, होडी सोडली आणि त्या वयात, त्या चिखलातून, एकटे पैलतीराला गेले. अम्मा काठावर ओरडत राहिली. त्यांना कुठे ऐकू येतंय.

पलीकडे होडी टेकवली, थोडं थांबले, आणि परत आले. अलीकडे उतरल्यावर मागे वळून हात पुढे केला, म्हाताऱ्या नाहीतर आजारी माणसाला उतरवताना देतात तसा. मग वर आले आणि अम्माला म्हणाले, "इस्माईलला आनला. आता त्याचा नांव घ्यायला हरकत नाय." त्याच संध्याकाळी मशिदीत गायबाना नमाज पढवली. आमच्यात तशी पढतात, समोर मय्यत नसली तरी. अम्माने या वेळी अडवलं नाही. मी विचारलं, का? ती म्हणाली, "त्यांनी हात दिला तवा मी बघितला ना."

मी ओटीवर गेलो, अब्बांच्या समोर बसलो. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडून विचारलं, "अब्बा, हाक ऐकलीत?"

त्यांनी तीन बोटं दाखवली.

आता मी मेकॅनिक म्हणून खूप विचार केलाय. पन्नास वर्षांहून जास्त झाली, करतोच आहे. पहिल्या दोन हाका एखाद्या धनगराच्या असतील, ज्याने भायची ऐकून उचलली असेल — पण मग म्हातारीला का नाही ऐकू आली, ती तर आमच्याहून जवळ होती? अब्बांना आपल्याच मनाने वाटलं असेल — पण तोच जुम्मा? इथे असर व्हायची होती, तिकडे नुकतीच झाली होती. घड्याळं लावून बघा, जुळतं. मी घड्याळंच लावत बसलो आयुष्यभर.

बऱ्याच वर्षांनी मी तिकडे परत गेलो होतो. आता सगळे हायवे. वादी मला सापडली नाही. सालेमही राहिला नाही. नातीने काढलेल्या फोटोतला डोंगर तोच असेल किंवा नसेल, सगळेच सारखे दिसतात. मी तिला परवा विचारलं, तिथे काही ऐकू आलं का गं तुला? ती म्हणाली, "लाइक व्हॉट, नाना?" मी म्हटलं, काही नाही.

अजून असरच्या सुमाराला मी बाल्कनीत बसतो. खाली ट्रॅफिक, समोर टॉवर, टॉवरच्या मागे पूर्व. भायची खूप आठवण येते. त्या पहिल्या हाकेला जो आनंद झाला होता, तसा पुन्हा कधी झाला नाही. तो भास होता की काय होतं, मला माहीत नाही. खुलासा माझ्याकडे नाही. एवढंच सांगू शकतो की माळावर मी दोनच हाका ऐकल्या. माझ्या बहिऱ्या बापाने खाडीवर तीन ऐकल्या. आणि तिसरी माझी होती.